दाराच्या आतलं पोलाद

कल्याणहून शीळफाट्याकडे जाताना डोंबिवलीच्या अंगाला, कोळेगावाजवळ एक मैदान लागतं. राजकीय सभा, सरकारी सोहळे यांच्या बातम्यांत त्याचं नाव नेहमी येतं: प्रीमियर मैदान. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पट्ट्यात राहायला आलेल्यांना ते एखाद्या गृहसंकुलाचं नाव वाटलं तर नवल नाही. पण हे नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं. या परिसरात तिचा मोटारींचा कारखाना होता आणि १९९०च्या दशकात इथून ‘प्यूजो ३०९’ ही फ्रेंच गाडी तयार होऊन बाहेर पडत होती. पुढे कारखाना बंद पडला, जमीन विकसकाकडे गेली, मनोरे उभे राहिले आणि मैदानापुरतं नाव उरलं.

या कारखान्याची गोष्ट बहुतेक वेळा संप, थकलेले पगार आणि फसलेली भागीदारी या अंगाने सांगितली जाते. ती खरीच आहे. पण तिला आणखी एक अंग आहे. मोटारीला बाजूने धडक बसली तर आतला माणूस वाचावा, यासाठी गाडीच्या सांगाड्यात काय करावं लागतं, हे जग ज्या वर्षांत कायद्यात लिहून काढत होतं, त्याच वर्षांत त्या कायद्याच्या आधी आखलेली गाडी आपल्याकडे ‘नवी’ म्हणून डोंबिवलीत जोडली जात होती. तिथून पुढे भारतात हा नियम यायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. तो का लागला आणि अखेर कशाने आला, याचा हा आढावा.

एक वीत अंतर

समोरून धडक बसली तर माणूस आणि धडकणारी वस्तू यांच्यामध्ये इंजिन असतं, चाकं असतात, चेसिसचे लांब दांडे असतात. मोटारीचं नाक चेपत जाताना धडकेची ऊर्जा खातं. छोट्या गाडीतही त्यासाठी अर्ध्या मीटरहून जास्त जागा मिळते. बाजूने धडक बसली तर? दाराचा बाहेरचा पत्रा, मध्ये काच खाली जाण्यापुरती पोकळी, आतला पत्रा, त्यावरचं अस्तर आणि लगेच माणसाची बरगडी. हे सगळं अंतर जेमतेम वीतभर. चौकात आडव्या दिशेने आलेली गाडी ताशी ५० किलोमीटरने आदळली, तर दार आत शिरून शरीराला लागायला सेकंदाचे काही शतांश पुरतात.

म्हणून बाजूचं संरक्षण ‘चेपू देण्यावर’ फार अवलंबून राहू शकत नाही. तिथे उलट धोरण लागतं: आत शिरू द्यायचं नाही आणि आलेला भार शक्य तितक्या लवकर दूर वाटून टाकायचा. दारातल्या आडव्या दांड्याने तो बिजागऱ्या आणि कुलपापर्यंत न्यायचा. तिथून पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबात, ज्याला गॅरेजात ‘सेंटर पिलर’ आणि अभियंते ‘बी-पिलर’ म्हणतात. खांबातून वर छताच्या कडेला आणि खाली उंबरठ्याच्या पेटीला. आणि तिथून फरशीखालच्या आडव्या पट्ट्यांतून थेट गाडीच्या पलीकडच्या बाजूला. यातला एक सांधा जरी कच्चा राहिला तरी बाकी सगळं पोलाद वाया जातं.

यातलं काहीही गिऱ्हाइकाला दिसत नाही. शोरूममध्ये तो दार लावून ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो का ते ऐकतो, पण दाराच्या आत काय आहे हे त्याला विचारताही येत नाही.

कुर्ल्याची फियाट

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या आणि ट्रक जोडले गेले. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यात फियाट ११०० रस्त्यावर आली. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, मधल्या खांबावर असायच्या. त्याच खांबावर मागच्या दाराच्याही बिजागऱ्या. दोन दारांचं वजन एकेका खांबाने पेलायचं, ही त्या खांबाकडून तेव्हाची अपेक्षा. बाजूने येणाऱ्या धडकेचा विचार त्याच्या आखणीत कुठे नव्हता. तो तेव्हा जगात कुणाच्याच आखणीत नव्हता.

१९६४च्या सुमारास सुलटी दारं असलेली ११०० ‘डिलाइट’ आली आणि हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली जाऊ लागली. पुढे सलग बाक, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढच्या बाकावर तीन माणसं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आपल्या चित्रपटांत, गाण्यांत, घरच्या फोटोंत शिरली. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाची पहिली मोटारही बहुधा हीच. नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि गाडी आली की पेढे वाटायचे. जिथे गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट होती, तिथे दारात काय घातलंय हा प्रश्न पडायला जागाच नव्हती. कारखान्यालाही तो पडला नाही, कारण विकायची चिंता त्याला नव्हती. पद्मिनीचा मूळ आराखडा १९५०-६०च्या दशकांतला; तो २००० सालाच्या उंबरठ्यापर्यंत तसाच चालला. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. त्या मायेला धक्का न लावताही एक गोष्ट नोंदवायला हवी: त्या दारात पत्रा आणि काच यांखेरीज अडवणारं फारसं काही नव्हतं.

दारातला दांडा पुरेना

अमेरिकेत मात्र हा प्रश्न १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. जनरल मोटर्सने १९६९च्या मोठ्या गाड्यांच्या दारांत पोलादी आडवे दांडे घातले. १ जानेवारी १९७३ पासून तिथल्या सरकारने दाराच्या ताकदीचा नियमच केला. चाचणी साधी होती. गाडी उभी ठेवायची, सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचा पोलादी दंडगोल यंत्राने दारावर हळूहळू रेटायचा आणि ४५ सेंटीमीटर आत जाईपर्यंत दार किती जोर सोसतं ते मोजायचं.

दहाएक वर्षांनी अमेरिकन सरकारने या नियमाचं फळ तपासलं आणि निष्कर्ष विचार करायला लावणारा निघाला. गाडी घसरून झाडावर किंवा खांबावर बाजूने आदळली, तर दांड्यामुळे जीव वाचत होते. पण दोन गाड्यांच्या धडकेत मृत्यूंवर त्याचा फारसा परिणाम दिसेना. कारण उघड होतं. दांडा मजबूत, पण ज्या खांबाला आणि उंबरठ्याला तो भार सोपवणार ते मऊ. मग दार अख्खंच्या अख्खं आत येई. एक भाग सुटा मोजून उपयोग नाही, संपूर्ण गाडी मोजायला हवी आणि तीही आत माणसासारखा पुतळा बसवून, हे त्यातून ठरलं. अमेरिकेत तसा नियम १९९० मध्ये झाला आणि १९९३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला.

युरोपात याच काळात दोन वाटा एकमेकींना मिळत होत्या. एक पोलादाची. स्वीडनच्या उत्तरेला लुलेओ इथे, बोरॉन मिसळलेलं पोलाद लालबुंद तापवून साच्यात दाबायचं आणि साच्यातच झटकन गार करायचं, असं तंत्र १९७०च्या दशकात विकसित झालं. त्यातून निघणारा भाग साध्या पत्र्यापेक्षा कित्येक पटींनी ताकदवान. १९८४ मध्ये साबने आपल्या ९००० या गाडीच्या दारातल्या दांड्यांसाठी तो प्रथम वापरला. दुसरी वाट आखणीची. १९९१ मध्ये वोल्वोने ८५० या गाडीत बाजूच्या धडकेचा भार दारातून सीटखालच्या आडव्या नळ्यांत आणि तिथून मधल्या पेटीत नेण्याची रचना आणली. काही वर्षांतच सीटच्या कडेतून फुगणारी एअरबॅगही आली. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचा बाजूच्या धडकेचा नियम, क्रमांक ९५, १९९५ मध्ये अमलात आला. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २००३ पासून प्रत्येक नव्या गाडीला अशी चाचणी बंधनकारक झाली.

डोंबिवलीतली फ्रेंच पाहुणी

याच सुमारास डोंबिवलीत काय चाललं होतं? १९९१च्या उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांना दारं उघडली होती. विनोद दोशी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी हातमिळवणी करून ‘पाल-प्यूजो’ ही कंपनी काढली आणि तिची ३०९ ही गाडी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पद्मिनीवरून उतरून हिच्यात बसलेल्याला ती विमानासारखी वाटली असणार. पाच गिअर, आरामशीर सस्पेन्शन आणि डिझेल इंजिनाचं नावाजलेलं मायलेज.

पण ३०९चा जन्म १९८५चा. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री इथे टॅल्बो या ब्रँडसाठी ती आखली गेली आणि ऐनवेळी प्यूजोच्या नावाने बाजारात आली. युरोपात १९९३ मध्ये ३०६ या नव्या गाडीने तिची जागा घेतली. म्हणजे युरोपचा बाजूच्या धडकेचा नियम यायच्या आत तिथलं तिचं आयुष्य संपलं होतं, आणि तिथे संपता संपता इथे सुरू झालं. यात प्यूजोने काही वेगळं केलं असंही नाही. त्या काळात भारतात आलेल्या अनेक कंपन्यांनी आपली मावळती मॉडेलच आणली. साचे आणि यंत्रं आधीच वसूल झालेली, आणि गिऱ्हाईक पद्मिनी-अॅम्बेसेडरशी तुलना करणारं. भारतीय कायद्यानेही त्यांच्याकडे जास्त काही मागितलं नाही. पुढच्या सीटला पट्टा बसवण्याची सक्तीच मुळी मार्च १९९४ची. बाजूने धडकवून पाहण्याचा विषय खूप लांबचा.

तरीही या गाड्यांबरोबर एक नवी शब्दावली आली. नव्या परदेशी गाड्यांच्या माहितीपत्रकांत ‘साइड इम्पॅक्ट बीम’ हे शब्द दिसू लागले. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात १९९६ पासून फोर्डची एस्कॉर्ट जोडली जाऊ लागली, गुजरातेत ओपेल अॅस्ट्रा. माहितीपत्रकात ही ओळ वातानुकूलन आणि पॉवर विंडोच्या खाली कुठेतरी असायची. दांडा आहे, एवढंच कळायचं. दांड्यामागचा खांब कसा आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं आणि विचारणारंही.

डोंबिवलीतला प्रयोग फार टिकला नाही. कामगारांशी संघर्ष चिघळला. दुसरीकडे प्रीमियरने फियाटशी नव्याने संसार थाटला होता आणि कुर्ल्यात फियाट उनो बनू लागली होती. १९९७ मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. कारखान्याची धडधड थांबली आणि थकलेल्या देण्यांचा वाद वर्षानुवर्षं रेंगाळला. फियाटने मात्र कुर्ल्याचा धागा पकडून ठेवला आणि आपला मुक्काम पुढे पुण्याजवळच्या रांजणगावला हलवला. हा धागा या कथेत परत लागणार आहे.

पुण्याची टेकडी

दरम्यान, मोजण्याची साधनं पुण्यात जमू लागली होती. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था १९६६ पासून आहे. पुणेकर तिच्या नावाने टेकडीलाच ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. वाहनांचे भारतीय नियम ज्या मानकांवर उभे असतात, त्यांचा मसुदा करणाऱ्या समितीचं काम इथूनच चालतं. टाटांनी, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोने, १९९७ मध्ये पुण्यात स्वतःचं धडक-चाचणी केंद्र उभं केलं. गाडी मुद्दाम आपटून पाहण्यासाठी पैसे खर्च करायचे, ही कल्पना तेव्हा इथल्या उद्योगाला नवी होती. पुढच्याच वर्षी इंडिका आली.

इंडिकाच्या प्रवासात एक बोलकी गोष्ट आहे. २००३ मध्ये हीच गाडी ‘सिटीरोव्हर’ या नावाने ब्रिटनमध्ये विकायला गेली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून युरोपात प्रत्येक नव्या गाडीला बाजूच्या धडकेचा नियम लागू झाला. तिकडे विकायची तर तिकडचा नियम पाळावाच लागणार. म्हणजे पुण्यातल्या अभियंत्यांना हे जमत नव्हतं असं म्हणता येणार नाही. देशातल्या गाडीत ते असलंच पाहिजे असं सांगणारा कायदा नव्हता, एवढाच फरक. उद्योगाचा युक्तिवाद ठरलेला होता: किंमत वाढेल, छोटी गाडी घेणारा परत स्कूटरवर जाईल, आणि आपल्याकडे वेगच कुठे असतो? पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य होतं. तिसरा मात्र फसवा, कारण बाजूच्या धडकेत जीव जायला वेग फार लागत नाही.

२०१४

भारताच्या वाहन-सुरक्षेच्या इतिहासात २०१४ हे वर्ष ठळक आहे. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच गाड्यांच्या मूळ आवृत्त्यांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले: ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या धडकेत मोठ्या माणसाच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे. पुतळ्यांची छायाचित्रं आणि चेपलेल्या गाड्यांची चित्रफीत घरोघरच्या फोनवर पोचली. आतलं पोलाद पहिल्यांदाच सामान्य माणसाला ‘दिसलं’, किंवा नसल्याचं दिसलं. अर्थात ही चाचणी समोरच्या धडकेची होती. बाजूचा प्रश्न अजून पडद्याआडच होता.

३ जून २०१४च्या सकाळी तो समोर आला. केंद्रीय ग्रामविकासमंत्री म्हणून शपथ घेऊन जेमतेम आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे दिल्लीतल्या घरून विमानतळाकडे निघाले होते. लोकसभेतल्या विजयानंतर बीडला जाण्यासाठी. पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोडच्या चौकात आडव्या दिशेने आलेली इंडिका त्यांच्या मारुती एसएक्स४ला बाजूने धडकली. ते मागच्या सीटवर बसले होते आणि धडक त्यांच्याच बाजूला बसली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. मानेचा मणका आणि यकृत यांना आतून इजा झाली होती. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेल्यावर थोड्याच वेळात त्यांना मृत घोषित करण्यात आलं. परळीत लाखोंच्या गर्दीत अंत्यसंस्कार झाले. मुंडे यांच्यासारखा लोकनेता शहरातल्या साध्या चौकात, एका छोट्या गाडीच्या धडकेने जातो, हे महाराष्ट्राला पटेना. संशय व्यक्त झाले, सीबीआय चौकशी झाली आणि तिनेही हा अपघातच ठरवला.

त्या धक्क्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा प्रथमच घरोघर झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी ती जाहीरपणे मांडली. पट्ट्याने माणूस जागेवर राहतो, डोकं आणि मान बेफाम फेकली जात नाही, हे बाजूच्या धडकेतही खरं आहे. पण चर्चेत पट्टाच राहिला. वीतभर अंतराचा, दारातून येणाऱ्या भाराचा मुद्दा बातम्यांत फार कुणी मांडला नाही. एका मृत्यूमुळे नियम झाला, असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही; मानकाचं काम आधीपासून चालू होतं. पण त्या वर्षाने धडक-चाचणीला ‘परदेशी चोचले’ म्हणणाऱ्यांचा आवाज बारीक केला हे नक्की. त्याच वर्षी रश्मी ऊर्ध्वरेषे एआरएआयच्या संचालक झाल्या आणि सक्तीच्या धडक-चाचण्या प्रत्यक्षात येण्याचा काळ त्यांच्याच कारकिर्दीत आला.

९५० किलोंचा गाडा

नियमाचं नाव ‘एआयएस-०९९’. संयुक्त राष्ट्रांच्या ९५ क्रमांकाच्या नियमावर तो बेतलेला आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना तो लागू झाला. गाडी स्थिर उभी. चालकाच्या बाजूने काटकोनात ९५० किलो वजनाचा, तोंडाला अॅल्युमिनियमच्या जाळीदार ठोकळ्याचं नाक लावलेला गाडा ताशी ५० किलोमीटरने येऊन आदळतो. आत बसवलेला पुतळा खास बाजूच्या धडकेसाठी बनवलेला. त्याच्या डोक्याला बसलेला हिसका, बरगड्यांचं दबणं (४२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको), पोटावर आणि कमरेच्या हाडावर आलेला जोर, हे सगळं मोजलं जातं. धडकेत एकही दार उघडता कामा नये, आणि धडकेनंतर हत्यार न लावता आतल्याला बाहेर काढता आलं पाहिजे. १९७३च्या त्या रेटणाऱ्या दंडगोलापासून इथवर येताना प्रश्नच बदलला होता. आधी विचारलं जाई, दार किती ताठ आहे? आता विचारलं जातं, माणूस किती शाबूत आहे?

नियम ही किमान पायरी. तिच्यावर चढायला लावलं ते जाहीर निकालांनी. ग्लोबल एनकॅपच्या तेव्हाच्या पद्धतीत पाचवा तारा हवा असेल तर बाजूच्या धडकेची चाचणीही पार करावी लागे. ऑगस्ट २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला चार तारे मिळाले होते. डिसेंबरमध्ये बाजूच्या चाचणीसह ती पुन्हा उतरली आणि पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. ही नेक्सॉन बनते कुठे? रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. कुर्ल्याची पद्मिनी आणि पाच ताऱ्यांची नेक्सॉन एकाच औद्योगिक वंशवेलीवरच्या. मधल्या काळात बदललं ते मोजमाप.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. अल्ट्रोझ, एक्सयूव्ही३००, पंच यांनी पाच तारे जाहिरातीत मिरवले. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने चाचणी आणखी कडक केली. आता गाडी बाजूने सरकवत अरुंद खांबावरही आदळायची. चाकणला बनणाऱ्या श्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये त्यात पाच तारे मिळवले. २२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी ‘भारत एनकॅप’ या देशी तारे-चाचणी योजनेची घोषणा केली. १ ऑक्टोबरपासून ती सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये पहिले पाच तारे हॅरियर-सफारीला मिळाले. मोठ्या माणसाच्या संरक्षणाचे ३२ गुण; त्यातले १६ समोरच्या धडकेचे आणि १६ बाजूच्या. जो भाग कधी माहितीपत्रकाच्या तळाला असायचा, त्याला निम्मे गुण मिळाले.

याच काळात सक्तीची एक वाट मात्र अर्ध्यावर थांबली. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने बाजूच्या आणि पडद्यासारख्या उलगडणाऱ्या एअरबॅगसह सहा एअरबॅग बंधनकारक करण्याचा मसुदा काढला, मग तो वर्षभर पुढे ढकलला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनीच सक्ती करणार नाही असं सांगितलं. बऱ्याच कंपन्यांनी तोवर आपणहून सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली होती. पोलादासाठी नियमाचा रेटा लागला; एअरबॅग मोजून दाखवता येतात, म्हणून त्यांना बाजारानेही हात दिला.

नियमाच्या कडा

प्रत्येक नियमाला कडा असतात आणि धोके बऱ्याचदा तिथेच राहतात. एआयएस-०९९ सगळ्या मोटारींना लागू नाही. ज्या गाडीतली सर्वांत खालची सीट जमिनीपासून ७०० मिलिमीटरपेक्षा उंच आहे तिला सूट आहे. उंच बसलेल्या माणसाला लहान मोटारीचं नाक खाली लागेल, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब ज्या गाड्यावर उभा आहे, त्याचं वजन ९५० किलो, म्हणजे जुन्या काळच्या मध्यम युरोपियन मोटारीएवढं. युरोपच्या एनकॅपने आपला गाडा आता १४०० किलोंचा केला आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर आडवं येणारं वाहन कोणतं असतं? डंपर, टँकर, दोन टनांची एसयूव्ही. त्यांचं नाक उंबरठ्याच्या वर, थेट काचेखाली येतं. वर लोखंडी गार्ड बसवला असेल तर सगळा जोर दोन नळ्यांत एकवटतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये हे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. ते पूर्ण गेले असं कुणीही डोळसपणे म्हणणार नाही.

दुसरी कड गॅरेजातली. पद्मिनीचं दार चेपलं की डेंटिंगवाला गॅसवर तापवून, ठोकून ते सरळ करी, वर लांबी भरून रंग मारी. त्या पत्र्याचं त्यात फार बिघडत नसे. साच्यात तापवून घडवलेला आजचा बी-पिलर मात्र पुन्हा तापवला की मऊ पडतो. तो कापून नवाच बसवावा लागतो, कुठे कापायचा तेही कंपनीने ठरवून दिलेलं असतं. सरळ केलेला, रंगवलेला खांब बाहेरून नव्यासारखाच दिसतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात अशी गाडी घेणारा पाच ताऱ्यांचे पैसे मोजून आत काय घेतोय, हे त्याला कळायला मार्ग नाही. दाराच्या आतलं न दिसण्याची जुनी अडचण इथे परत उभी राहते.

तिसरी कड आपली स्वतःची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, २०१४ पर्यंत जो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. ती धडक बाजूची नव्हे, आणि गाडी नावाजलेली. मागच्या सीटवरचे दोघेही पट्ट्याविना होते आणि दोघेही गेले. नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्या पट्ट्याची अंमलबजावणी जाहीर केली. मुंडे यांच्या मृत्यूनंतरची चर्चा आठ वर्षांनी पुन्हा तिथूनच सुरू करावी लागली.

उजव्या बाजूचा गज

आणि चौथी कड सर्वांत रुंद. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्टेशन गाठणाऱ्यांतले किती जण मोटारीने जातात? बहुतेकांचं वाहन रिक्षा, दुचाकी किंवा बस. रिक्षाला उजव्या बाजूला आडवा लोखंडी गज असतो, तो प्रवाशाने रहदारीच्या बाजूला उतरू नये म्हणून. बाजूने आलेल्या टेम्पोला तो अडवत नाही. शेअर रिक्षात चालकाच्या मांडीला मांडी लावून बसवलेला चौथा प्रवासी तर अर्धा बाहेरच असतो. मोटारीत निदान वीतभर अंतर आहे. इथे तेही नाही, आणि एआयएस-०९९ची वेस रिक्षाच्या खूप अलीकडे संपते.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बाजूचं संरक्षण गिऱ्हाइकाने मागून घेतलं नाही आणि कारखान्यांनीही बहुतेक वेळा आपणहून दिलं नाही. डोंबिवलीत १९९४ मध्ये ते जमलं नसतं असं नाही. साबने दारात बोरॉनचं पोलाद घालून तेव्हा दहा वर्षं झाली होती. कुणीतरी मोजायला लागलं आणि मोजलेलं सगळ्यांसमोर मांडलं, तेव्हा ते आलं. रिक्षात पोलाद भरून तिला डंपरपुढे टिकवता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून तिच्या बाबतीत मोजायची वस्तू वेगळी असायला हवी: चौक. कोणत्या चौकात आडव्या धडका होतात, तिथे वाहनं किती वेगाने घुसतात, सिग्नल किती वेळ बंद असतो, दुभाजक कुठे तोडलेला आहे, हे आकडे महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी गाड्यांच्या ताऱ्यांसारखे चौकागणिक, दरवर्षी जाहीर करावेत. शून्य तारे मिळालेली गाडी विकणं जसं कंपनीला अवघड गेलं, तसं शून्य तारे मिळालेला चौक तसाच ठेवणं नगरसेवकाला आणि आयुक्तांना अवघड जायला हवं.